जोरात टेकलेलं विमान

"प्रियांकाचं घर हेच ना?"

गाडीतून उतरलेल्या माणसानं विचारलं आणि चंद्रभान बाजेवरून झटकन उठला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानशिलावर पिकलेले केस, ताठ चाल. वालूरच्या गल्लीत असा माणूस पत्ता विचारत येतो, तो पाहुणचाराला नव्हे. हे चौकशीचे साहेब.

"हेच हेच. या साहेब, बसा. पोरगी मैत्रिणीच्या शेतात हुरडा खायला गेली. मोबाईल घरीच ठिवलाय तिनं. येईलच आता."

"थांबतो मी," साहेब म्हणाले. "तिच्याशीच बोलायचंय."

प्रियांका पायलट होती. मागच्या आठवड्यात अचानक घरी आली. "विमान उतरताना जरा जोरात टेकलं, आबा. टायर फुटलं. कुणाला खरचटलंसुद्धा न्हाई. चौकशी होईस्तोवर घरी बसायचंय." एवढं सांगून जी आडवी झाली, ती दुसऱ्या दिवशी उन्हं अंगावर आल्यावरच उठली. पुढं त्या विषयावर तिनं अक्षर काढलं नाही. पण चंद्रभानला कळायचं ते कळलं होतं. पोरीला रोजच्या पहाटेच्या फेऱ्या. फोनवर बोलता बोलता जांभया द्यायची. विमान उतरवताना डोळा लागला असणार, दुसरं काय?

तो लगबगीनं आत गेला. "अगं, साहेब आलेत. पोरीची नोकरी त्यांच्या हातात हाय."

चतुराबाईनं पदर खोचला. "मग मला काय सांगायलाव? वांगी तोडून आणा. पोटभर जेवल्यावर कोन कुनाचं वाईट करत न्हाई."

थोड्या वेळात साहेबांपुढं ताट आलं. गरम भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, वर लोण्याचा गोळा. साहेबांनी आधी संकोचानं तुकडा मोडला, मग मांडी नीट घालून बसले.

चंद्रभाननं हळूच विषय काढला. "तुमी त्या विमानाच्या कामासाठीच आलाव न्हवं?"

"त्याचसाठी."

"कुनाला लागलं न्हाई म्हनं."

"नाही. एका आजींनी तर उतरल्यावर विमानाला हळदकुंकू वाहिलं."

"मग सोडून द्या की, साहेब!"

साहेब हसले. "असं सोडून देता येत नाही. खरं काय झालं ते कंपनीला कळलं पाहिजे. आणि तुमची मुलगी गप्प बसलीय."

"घाबरली असंल. थकलेलं लेकरू हाय ते. आमचा किशनराव मेंढरं राखताना झोपला, सारा कळप माझ्या हरभऱ्यात. मी काय केलं? आधी शिव्या दिल्या, मग च्या पाजला."

साहेब एवढे हसले की त्यांना ठसका लागला. चतुराबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "आमच्यात चहावर भागत नाही हो," डोळे पुसत ते म्हणाले.

चंद्रभानला धीर आला. माणूस हसतो, म्हणजे पाझर फुटणार. त्यानं रात्रंदिवस मनात घोळवलेली गोष्ट बाहेर काढली.

"एक विचारू का? पोरगी तर धाकटी पायलट. शेजारी एवढे मोठे कॅप्टन बसले होते. त्यांनी का सांभाळलं न्हाई?"

साहेबांचा हात ताटातच थांबला. "बरोबर आहे तुमचं. त्यांनीच सांभाळायला हवं होतं."

"मग! दोष त्यांचा. पगार मोठा, टोपी मोठी, अन् निस्तरायचं माझ्या पोरीनं? असल्या कॅप्टनला चांगला झापा, साहेब."

"झापणार आहेत."

"नुसतं झापून काय व्हतंय? घरी बसवा."

"तेही होईल बहुतेक," साहेब शांतपणे म्हणाले आणि त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

चतुराबाईला ती भाकरी म्हणजे पोरीच्या नोकरीचा शिक्काच वाटला. तिनं ताकाची वाटी दोनदा भरली. जेवण झाल्यावर साहेब लिंबाखालच्या बाजेवर टेकले. "दहा मिनिटं हं," म्हणाले, आणि बघता बघता घोरायला लागले. चंद्रभान रुमालानं त्यांच्या तोंडावरच्या माशा वारत राहिला. गल्लीतली पोरं ओरडायला लागली तसं त्यानं हातानंच त्यांना पिटाळलं.

ओच्यात हुरड्याची कणसं घेऊन प्रियांका दारात आली. चंद्रभाननं धावत जाऊन तिला अडवलं. आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"आवाज करू नको. चौकशीचे साहेब आलेत. मी पार पटवलंय त्यांना. सगळा दोष त्या कॅप्टनवर ढकलायचा अन् आपण मोकळं व्हायचं. साहेब तर म्हनले, त्याला घरीच बसवतेत!"

प्रियांकानं वाकून बाजेकडं पाहिलं. तिच्या ओच्यातली कणसं खाली पडली. तिनं ओठ दाबले, तरी हसू फुटलंच.

"मी त्यांचं नाव कुठंच सांगितलं न्हाई, अन् हे स्वतःच सांगायला निघालेत वाटतं."

"कोन?"

"आता उठवू नका त्यांना, आबा," ती कुजबुजली. "त्या दिवशीबी कॅप्टनसाहेब असेच झोपले होते. मी लय हाका मारल्या. शेवटी विमान मीच उतरवलं."