दरबारातला खोकला

बस थांबली तरी मफलरवाला उतरला नाही. त्याच्यासोबतची बाई दारापर्यंत गेली, परत आली, त्याच्या खांद्याला हात लावून काहीतरी म्हणाली. त्याने मान हलवली आणि तो खिडकीबाहेर बघत बसला.

मागच्या सीटवरच्या मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला सकाळीच घुम्या हे नाव ठेवून टाकलं होतं. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण लोकांना नावं ठेवायची आणि वळण लावायची हौस काही निवृत्त झाली नव्हती. बसमध्ये चढताना त्यांनी त्याला नमस्कार केला, तर त्याने नुसते हात जोडले. ब्र काढला नाही. अशा माणसाबरोबर ही बाई संसार कसा करते, असं त्यांना वाटून गेलं.

एका दिवसात तीन राजधान्या, अशी ती सहल होती. एकाच राजघराण्याने एकामागून एक सोडलेल्या. पहिली डोंगरावरची, पाणी आटलं म्हणून सोडली. दुसरी नदीकाठची, पाणी फार झालं म्हणून सोडली. तिसरी मैदानातली, ती जळाली. प्रत्येकाला कानाला लावायचं एक यंत्र दिलं होतं. जागेवरचा आकडा दाबला की एक पुरुषी आवाज माहिती सांगायचा.

बाईंना तो आवाज पहिल्या दरवाजापाशीच आवडला. भारदस्त, पण बडेजाव नसलेला. "सावकाश या, पायऱ्या झिजल्या आहेत," असं तो म्हणायचा आणि खरंच पुढे झिजलेली पायरी यायची. राणीच्या महालात तो एकदम हलका झाला. "इथे आता कुणी राहत नाही," तो म्हणाला. "तरी आपण हळू बोलू."

बाईंनी मागे वळून पाहिलं. छप्पर नसलेली खोली, भिंतीत दिव्याचा कोनाडा, कोनाड्यात अजून काजळी. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. स्वतःलाच हसत त्या घाईघाईने बाहेर पडल्या.

नदीकाठच्या राजधानीत जेवणाची सुट्टी झाली. घुम्या बसमध्येच राहिला. त्याची बाई पडक्या घाटावर येऊन मुख्याध्यापिकाबाईंशेजारी बसली. डबा तिने उघडलाच नाही. बोलायला काहीतरी हवं म्हणून बाईंनी त्या आवाजाचं कौतुक केलं.

"माझ्या नवऱ्याचा आवाज आहे तो," ती म्हणाली.

बाईंचा घास हातातच राहिला. मग ती हळूहळू बोलती झाली. आवाज हाच नवऱ्याचा धंदा होता. स्टेशनवरच्या सूचना, जाहिराती, काय वाट्टेल ते. चुकून खोकला आला तर रेकॉर्डिंगवाला तो कापून टाकायचा. फक्त तिसऱ्या राजधानीत, दरबाराच्या वर्णनात, एक खोकला राहून गेला होता. नवरा म्हणाला होता, पुन्हा घेऊ या. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, राहू दे, रिकाम्या दरबारात शोभतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. त्याला आता काही वर्षं झाली होती. उद्यापासून इथे दुसऱ्या कुणाचा तरी आवाज लावणार होते.

"मग यांना कशाला उतरवताय?" बाईंनी बसकडे बोट दाखवलं.

"त्यांनी एकदा ऐकावं. माझ्याशेजारी उभं राहून. आज नाही ऐकलं तर ते कायमचं राहून जाईल."

बाईंना घुम्याची पहिल्यांदाच दया आली. पहिल्याचं गुणगान ऐकायला दुसऱ्याला इतक्या लांब आणायचं, ही कुठली रीत? तसं बोलून दाखवायचं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांना स्वतःचा नवरा आठवला. त्याचे फोटो होते, चष्मा होता, चपलासुद्धा बाईंनी टाकल्या नव्हत्या. आवाज तेवढा कुठेच नव्हता. संध्याकाळी दारातून तो काय म्हणायचा ते शब्द त्यांना पाठ होते, पण ते कसे ऐकू यायचे, हे आताशा कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नव्हतं. बाईंना त्या बाईचा हेवा वाटला आणि हेवा वाटल्याची लाजही वाटली.

तिसऱ्या राजधानीला पोचेपर्यंत उन्हं कलली. या वेळी ती नवऱ्याला काहीच न बोलता एकटीच उतरली. तिची पाठमोरी चाल बघून मुख्याध्यापिकाबाईंना राहवलं नाही. बस रिकामी झाल्यावर त्या घुम्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण मेलेल्या माणसावर कसलं रुसायचं? संसार तुमच्याशी करतेय ना ती? दोन मिनिटं उभे राहा तिच्याजवळ. तो काही तिला घेऊन जात नाही."

घुम्या त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. हसून झाल्यावर त्याने बाईंना हात जोडले आणि उठला.

दरबारात यंत्रांची गरज नव्हती, खांबांवर कर्णे लावले होते. खांब अजून काळे होते. ती मधोमध उभी होती. तो शेजारी जाऊन उभा राहिला तेव्हा तिने वर पाहिलं नाही, नुसता त्याचा हात धरला. दारातल्या माणसाने बटण दाबलं.

"तुम्ही आता राजाच्या दरबारात उभे आहात," आवाज म्हणाला, आणि पारव्यांचा थवा उडाला. आवाज चारही बाजूंनी येत होता. मेलेला माणूस त्या दोघांभोवती फेऱ्या घालतोय, असं बाईंना वाटलं.

घुम्याने मोकळ्या हाताने मफलर सोडला. गळ्याच्या खळग्यात ऑपरेशनचं भोक होतं, त्यावर बटणाएवढं पांढरं झाकण. त्याचे ओठ हलत होते. तो देवाचं नाव घेतोय असं बाईंना आधी वाटलं. पण प्रत्येक शब्द अगोदर त्याच्या ओठांवर येत होता आणि मग कर्ण्यांतून.

मध्येच ओठ थांबले. त्याने तोंडापुढे मूठ धरली आणि दरबारात खोकला घुमला.