तिसरा हंडा

टँकरच्या पाण्यातून घरटी दोनच हंडे, हा नियम सालवडच्या त्या चाळीत सुलूनेच घालून दिला होता. उन्हाळाभर तिने तो पाळलाही. त्या दिवशी कंपनीत सुपरवायझर तिला सगळ्यांसमोर घाण घाण बोलला. नोकरीच्या भीतीने तिने ते निमूटपणे गिळलं. संध्याकाळी रांगेत मात्र तिला तो राग आवरला नाही. तिने तिसरा हंडा पाइपाखाली लावला. मागे उभी असलेली जमुनामावशी ते बघत होती.

घरी आल्यावर सुलूला स्वतःचीच शिसारी आली. तो हंडा उचलून ती मावशीच्या दारात गेली.

"मावशी, हे पाणी तुमचं हाय. माझं चुकलं."

"मला नको गं," मावशी हसली. "तू तिसरा भरलास, मंग मीपण भरला. शेवटच्या खोलीतल्या किंजलला थेंब नाय मिळाला. तिचं ती बघेल."

सुलूला मावशीची किळस आली. किंजलची खोली चार पावलांवर होती. 'या बाईपेक्षा मी बरी,' असं मनाशी म्हणत सुलू हंडा घेऊन आपल्या घरी परतली.