समासातलं 'लो'

पैज लागली ती जिन्यात, रविवारी सकाळी, आणि तीही एका गेलेल्या बाईच्या आवाजावरून.

चष्मेवाल्यानं मोबाईल पुढे धरला. बायकोचा शेवटचा निरोप, दवाखान्यातून आलेला. दोन सेकंदांचा. "लो आयाखेल." बस्स.

"पुन्हा लाव," तळमजल्यावरचा प्लंबर म्हणाला. सगळी बिल्डिंग त्याला तोटी म्हणायची, कारण तोंड एकदा सुरू झालं की गळतच राहायचं. त्यानं ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "अरे बाबा, 'आया' म्हणतायत टीचरबाई! दवाखान्यातली आया! ताप चढला, आयाला हाक मारली. महिनाभर काय शोधतोयस त्यात?"

"ती हिब्रू शिकवायची. हे तिच्या जुन्या ग्रंथातलंच आहे."

"हॅट! नाहीये."

"आहे."

"सापडलं तर माझी अर्धी मिशी काढ. नाही सापडलं तर तुझी. पाच वाजता, खाली आवारात, सगळ्यांसमोर. काकू पंच!"

शिंपीणकाकू दारात बसून सुईत दोरा ओवत होत्या. "दोघांच्याही डोक्यात बटाटे भरलेत," त्या म्हणाल्या. म्हणजे पंच व्हायला तयार.

निरोप आला होता सहा चाळीसला. "दुकान बंद करून येतोच," असं सांगणारा चष्मेवाला पोहोचला आठला. ती सातलाच गेली होती. जाता जाता ती आपल्याबद्दल काय म्हणाली, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

तिच्या कॉम्प्युटरवर तिचं बायबलचं सॉफ्टवेअर होतं, अजून तिच्याच नावानं उघडणारं. हजारो वर्षांचा मजकूर. शब्द टाकायचा, जागा दाखवतं. पण चष्मेवाला शब्द टाकत होता नुसता कानानं ऐकून, आणि त्या भाषेत 'ख'ला दोन अक्षरं. महिनाभर त्यानं एकच वापरलं होतं. शून्य. शून्य. शून्य. रोज गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा माणूस, पण दुसरं अक्षर टाकून बघायचं त्याला सुचलं ते आज, पैज लागल्यावर.

एक. एकच जागा सापडली.

तो खुर्चीवरून उठलाच. खिडकी उघडून "तोट्या, साबण लावून बस!" असं ओरडणारही होता. मग म्हणाला, आधी वाचू तरी.

'आयाखेल' म्हणजे 'वाट पाहीन'. पानावर 'लो' म्हणजे 'नाही'. वाट पाहणार नाही. पण समासात बारीक अक्षरात आणखी एक 'लो' होतं. खाली टीप होती: जुने लेखनिक पानावरच्या अक्षराला हात लावत नसत. वाचताना वेगळं वाचायचं असेल, तर ते समासात लिहून ठेवत. आणि समासातलं 'लो' म्हणजे 'त्याची'. त्याची वाट पाहीन. आवाज दोन्हींचा अगदी तोच.

"समासातलंच," तो रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाला. "तसंच वाचायचं असतं. लिहिलंय ना."

ओळीच्या टोकाला एक पिवळी खूण होती. तिनं टाकलेली. त्यानं ती दाबली. तिची नोंद उघडली, पाच वर्षांपूर्वीची. तेव्हा तर ती आजारीही नव्हती.

'मुलांना समासातलं शिकवते. मी स्वतः पानावरचंच वाचते.'

पाच वाजता बिल्डिंग आवारात जमली. खुर्ची, टॉवेल, पाण्याचा मग, वस्तरा. चष्मेवाला खाली आला तो थेट खुर्चीवरच बसला.

"सापडलं?" काकूंनी विचारलं.

"नाही."

तोटीनं शिट्टी मारली. पोरं नाचली. मग त्याचं लक्ष चष्मेवाल्याच्या चेहऱ्याकडे गेलं आणि वस्तऱ्याचा हात खाली आला. "जाऊ दे रे. गंमत केली. चल, चहा पाजतो."

"पैज म्हणजे पैज. काढ."

तोटीनं साबण फासला. एक बाजू साफ झाली. गॅलरीतून टाळ्या पडल्या, कोणीतरी फोटो काढला. हसणं ऐकून तोटीला परत चेव आला. "तरी मी म्हणत होतो! आयालाच हाक मारली होती बाईंनी!"

चष्मेवाल्यानं त्याचं मनगट धरलं.

"पुन्हा म्हण."

"काय?"

"आयालाच हाक मारली होती, असं. मोठ्यानं म्हण. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."