दुपट्याचे चार कोपरे

“हा निळा तुकडा तुझ्याच परकराचा ना?” बळीराम जमादाराने दुपट्यावर बोट ठेवलं.

शकूने मान हलवली. तिच्या मांडीवर बाळ होतं. सकाळी शिवणवर्गाच्या पायरीवर या दुपट्यात गुंडाळलेलं ते तिलाच पहिल्यांदा दिसलं आणि तिने उचललं, एवढाच तिचा गुन्हा.

“परकर माझा हाय, पोर माझं नाय,” ती म्हणाली. “परकर फाटला तवा वर्गातल्या चिंध्यांच्या पेटीत टाकला.”

तिचा बाप दादू दाराशी उकिडवा बसला होता. मिठागरावरून तसाच आला होता. पायांवर मीठ वाळलं होतं. “साहेब, पंधरा दिसांवर हिचं लगीन हाय. जासईच्या मान्सांनी आयकलं तं मोडतील.”

“मग खरं बोलायला सांग तिला.”

चंद्रावतीबाई पुढे आल्या. नवरा गेल्यापासून सहा वर्षं त्या पनवेलात हा वर्ग चालवत होत्या. मधले चार महिने टायफॉइडने साताऱ्याला भावाकडे अंथरुणावर होत्या. परत येऊन आठवडाही झाला नव्हता. एवढ्या उकाड्यात त्यांच्या अंगाभोवती शाल होती.

“पेटीतल्या चिंध्या कोणीही नेतं,” त्या म्हणाल्या. “द्या इकडे.”

बाळाकडे न बघता त्यांनी दुपटं पसरलं. चारी कोपऱ्यांत चिंध्यांची चित्रं होती. एकात पाळणा. दुसऱ्यात दूध पाजायचं बोंडलं. तिसऱ्यात तेलाची वाटी. चौथ्यात शेकाची शेगडी, तिच्यातले निखारे लाल दोऱ्याने भरलेले.

“टाकूनच द्यायचं तर एवढं नटवायचं कशाला?” जमादार पाळण्याचे टाके नखाने उसवून पाहू लागला.

“जे हातून होणार नाही ते शिवून दिलंय तिने.” बाईंनी दुपटं हळूच ओढून घेतलं. “शकू, सुई घे. या फडक्याला काठ घाल.”

शकूने बाळ बापाकडे दिलं. दादूने ते मिठाची पाटी धरावी तसं धरलं. बाळ रडायला लागलं. बाईंनी शाल छातीशी घट्ट आवळली.

शकूने घातलेला काठ सरळ आला. बाईंनी दोन्ही कापडं जमादारापुढे धरली.

“उजव्या हाताने शिवणारी उजवीकडे गाठ मारते आणि डावीकडे जाते. ही शकूची गाठ. आता दुपट्याच्या गाठी बघा.”

जमादार वाकला. सगळ्या गाठी डावीकडे होत्या. टाक्यांचा कलही उलटा.

“म्हणजे डावखुरी! तुमच्या वर्गात आहे कोणी?”

“डाव्या हातात सुई मी धरू देत नाही. पट्ट्या खाऊन शिकलेय मी ते.”

“लिहून देता?”

बाईंनी दौत ओढली आणि त्याच्यासमोरच वळणदार अक्षरात लिहून दिलं.

दादूने त्यांचे पाय धरले. “बाई, पोरीला वाचवलीत!”

“उठा दादू. शकू, उद्या वेळेवर ये.”

जमादाराने टोपी काढून डोकं खाजवलं. “आता याचं काय? अनाथाश्रमाला कळवतो, पण उत्तर कधी येईल देव जाणे. माझ्या घरी पाच आहेत. सहावं नेलं तर बायको मलाच आश्रमात धाडेल.”

“आणि उत्तर आलंच नाही तर?”

“मग ज्याच्याकडे राहील त्याचं.”

“राहू दे माझ्याकडे,” बाई म्हणाल्या. “पण मी विधवा बाई. लोक विचारतील.”

“खुशाल सांगा, जमादाराने दिलं म्हणून!”

सगळे गेल्यावर बाईंनी दाराला कडी घातली. थोड्या वेळाने बाळ त्यांच्या शालीआड शांत झालं. पाळण्याचा कोपरा जमादाराच्या नखाने उसवला होता. बाईंनी सुईत दोरा ओवला, सुई उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, आणि नवे टाके जुन्यांत असे मिसळत गेले की कुठे उसवलं होतं तेही कळेना.