हिरवा फुटवा

“बाई, निव्वळ हिरवा फुटवा दिसला की लगेच कापायचा हं. नाहीतर तो माझी पांढऱ्या नक्षीची रोपं खाऊन टाकेल!”

हृदयाच्या ऑपरेशनसाठी वडिलांबरोबर मुंबईला निघालेला माझा पारस जळगाव स्टेशनवर मला बजावत होता. माशांच्या काचपेटीत, पाण्याखाली, त्यानं ती रोपं वाढवली होती. मी हो म्हटलं. पण तो घरी येईपर्यंत हिरवं पानसुद्धा तोडणार नाही, असा नियम मी त्याच सकाळी साध्वीजींकडून घेतला होता. ते काही त्याला सांगितलं नाही.

महिन्याभरात पेटी हिरवीगार झाली. नक्षीची एकच कांडी उरली.

शेजारच्या झमकूबाई म्हणाल्या, “अहो, एवढंसं कापायला काय होतं? पोरगा आल्यावर भांडेल बघा तुमच्याशी!”

“भांडू दे,” मी म्हटलं. “येऊ तर दे.”

काल दुपारी यांनी पारसला मोटारीतून घरी आणलं, आणि दिवस मावळायच्या आत सगळे त्याला खांद्यावरून घेऊनही गेले.



माझा नियम पुरा झाला. आज मी कात्री घेऊन पेटीपाशी बसले.