रुखवतातली कॅडिलॅक

"हळू! दार उघडतं तिचं!" कुणीतरी ओरडलं, तशी गर्दी आणखी पुढे सरकली.

रेश्माच्या रुखवतात नारळाचा गणपती होता, लोकरीचे पोपट होते, बत्ताशांचा बंगला होता. त्यांच्याकडे कुणी बघेना. सगळ्यांचे डोळे वीतभर लांबीच्या लाल गाडीवर. जुन्या अमेरिकन कॅडिलॅकची धातूची हुबेहूब प्रतिकृती. टप उघडा, आत पांढऱ्या गाद्या, मागे माशाच्या परांसारखे दोन उभे पंख. इवलंसं स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळायची. रेश्मा एसटीत कंडक्टर. पहिल्या पगारात तिनं ती स्वतःसाठी घेतली होती.

तिची चुलत बहीण ऋतुजा खांबाला टेकून उभी होती. स्वतःच्या लग्नात तिनं रात्रंदिवस खपून मोत्यांची तोरणं ओवली होती. पाहुण्यांनी त्यांच्याकडे न बघताच सरळ पंगत गाठली. आणि हिनं काय केलं? विकतचं खेळणं आणून ठेवलं!

"लई हौशी गं बाई पोरगी," बायका म्हणत होत्या. ऋतुजाचा नुसता जळफळाट चालला होता.

तेवढ्यात नवरदेवाचे मामा, मंगळवेढ्याचे सयाजीराव, रुखवत बघायला आले. ऋतुजाला राहवलं नाही.

"मामा, ह्यो नुसता नमुना हाय. खरी भायेर उभी आसंल की!"

लोक रेश्माला हसतील, असं तिला वाटलं होतं. कुणीच हसलं नाही. सयाजीराव तडक बाहेर जाऊन आले. होटगी रोडवरच्या त्या मंगल कार्यालयासमोर रिक्षा आणि टेम्पोशिवाय काही नव्हतं. ते रेश्माच्या वडिलांपुढे उभे राहिले.

"महिपतराव, नमुना मांडलाय म्हंजे गाडी द्यायची हाय. कवा देताय, सांगा. मगच अक्षता."

"पाव्हणं, ती पोरीची हौस हो..."

"हौस कसली? चारचौघांत मांडली म्हंजे शब्द झाला त्यो."

महिपतरावांची मान खाली गेली. "बघतो मी कायतरी," ते पुटपुटले.

मुंडावळ्या सावरत रेश्मा बाहेर आली. "आप्पा, तुमी काय बी बघायचं न्हाय." मग ती सयाजीरावांकडे वळली. "मामा, गाडी हीच हाय. दुसरी येणार न्हाय. चालत नसंल तर आत्ताच उठा."

सयाजीरावांनी नवरदेवाकडे पाहिलं. तो पाटावरून उठला नाही.

"मामा, बसा की आता," तो म्हणाला. "लोकं बघायलीत."

सयाजीराव बसले.

ऋतुजाचं लग्नही असंच अडलं होतं, मोटारसायकलीवरून. तिचे वडील "बघतो मी" म्हणाले होते, आणि वावर विकून त्यांनी ती आणली होती. तेव्हा ऋतुजा आतल्या खोलीत गप्प बसून राहिली होती.

आता तिचं त्या लाल गाडीकडे लक्षच नव्हतं. ती रेश्माकडे पाहत होती, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिला खराखुरा हेवा वाटत होता.