कुंकवाचा करंडा

"शहराबाहेर चार जागा पाहिल्या, पण घर घ्यायचं ते इथेच," हे म्हणाले. समोरच्या फ्लॅटमधल्या पुरंदरे काकूंनी, शेजार मिळणार म्हणून, आम्हाला लगेच चहाला बोलावलं.

चहा झाल्यावर हे त्यांच्या गॅलरीत गेले. काकूंनी कुंकवाचा करंडा आणला. आधी आमच्या शर्वरीला लावलं, मग हसत बोट माझ्या कपाळाजवळ आणलं. तेवढ्यात त्यांची नजर ह्यांच्या पाठीवर गेली. बोट तिथेच थांबलं. काकूंनी ते हळूच पदराला पुसलं.

"काकू, मला?"

"राहू दे, बाळ," त्या खाली बघत म्हणाल्या आणि करंड्याचं झाकण लावलं.

"अगं, इकडे ये!" गॅलरीतून ह्यांनी हाक मारली. "तो बघ हायवे! इथून ऑफिसला मी रोज बाईकनेच जाईन."